दुपारची घोड्याची ड्युटी

भिवंडीत भाड्यानं खोली बघायला गेलं की घरमालक ठरलेल्या चार गोष्टी विचारतो. कामाला कुठं, माणसं किती, गाव कुठलं आणि पाणी किती लागतं. टेमघरच्या आमच्या मालकांनी यातलं एकही विचारलं नाही. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, मग माझ्या मागं जाऊन मानेपासून कमरेपर्यंत बघितलं आणि विचारलं, "झोपता कुठल्या कुशीवर?"

मी बायकोकडं बघितलं. माझ्याबद्दलच्या प्रश्नांची उत्तरं आमच्याकडं तीच देते.

"डाव्या," ती म्हणाली. "पण सुरुवात उताणी होते. मध्ये एकदा उठून पाणी पितात आणि मग कुशीवर वळतात."

"झोपेत बोलतात?"

"जागेपणी जेवढं बोलतात त्याहून जास्त."

मालकांच्या तोंडावर असं समाधान पसरलं, जसं मुलीला स्थळ चालून आल्यावर बापाच्या तोंडावर पसरतं. "खोली तुमची," ते म्हणाले.

अकरा महिन्यांच्या करारात शेवटी त्यांनी हातानं एक ओळ वाढवली होती. भाडेकरू रोज सकाळी आपल्या झोपेची वेळ व झोपमोडीचे कारण मालकास तोंडी कळवील. करार करून देणाऱ्या वकिलानं ती ओळ वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि म्हणाला, "बेकायदेशीर तर काही नाही यात." मी सही केली. त्यापुढची पाच वर्षं मी रोज सकाळी जिन्यात उभा राहून एका लुंगीतल्या म्हाताऱ्याला माझी झोप कशी झाली ते सांगत होतो. माझ्या आईनंसुद्धा हे कधी इतक्या नेमानं विचारलं नव्हतं.

मोहल्ल्यात सगळे त्यांना डॉक्टर म्हणत. त्यामुळं घोटाळे व्हायचे. कुणी खोकला घेऊन यायचं, कुणी सुजलेला घोटा घेऊन. ते प्रत्येकाला तितक्याच शांतपणे सांगायचे, "मी डॉक्टर नाही. मी उंदरांकडे होतो."

हे ते अशा थाटात म्हणायचे, की जसं कुणी म्हणावं, मी कलेक्टरांकडे होतो.

मुंबईतल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत त्यांनी तेहतीस वर्षं प्राणी सांभाळले. उंदीर, मांजरं, बेडूक, काही वर्षं माकडंही. हुद्दा काय म्हणाल तर पिंजरे धुणारा. पण तिथले शास्त्रज्ञ झोपेवर काम करायचे, आणि झोपेवर काम करायचं म्हणजे कुणीतरी झोपायला हवं आणि कुणीतरी ते बघत बसायला हवं. झोपायला उंदीर होते. बघायला आमचे मालक. उंदराच्या डोक्याला बारीक तारा लावलेल्या, तारा मशिनला, मशिनची पेनं कागदावर रेघा ओढतायत आणि हे फुटभरावर स्टुलावर बसून पापणी न हलवता बघतायत. उंदीर पेंगला की खूण. उंदीर गाढ गेला की खूण. मिश्या थरथरल्या की लाल खूण.

"साहेब लोक निबंध लिहायचे," ते म्हणायचे. "झोप मी मोजायचो."

निवृत्त झाल्यावर उंदीर तिथंच राहिले, पण सवय घरी आली. घरी उंदीर नव्हते अशातला भाग नाही, भिवंडीत उंदरांना तोटा नाही. पण ते तारा लावू देत नाहीत. मग त्यांनी भाडेकरू ठेवले. आम्हाला ते नंबरानं ओळखायचे, प्रयोगशाळेतल्यासारखं. तळमजल्यावर लूमवर काम करणारे दोघे भाऊ होते, ते एक नंबर. मी दोन नंबर. बायकोला मात्र वहिनी, कारण एकदा त्यांनी तिला "दोन नंबरची मादी" म्हटलं होतं आणि तिनं जिन्यातच त्यांची झोप, जाग आणि सात पिढ्या अशा काही काढल्या, की पुन्हा ते त्या वाटेला गेले नाहीत.

एका रविवारी मी जेवून आडवा झालो होतो. बायको गच्चीवर कपडे वाळत घालून खाली आली तर हे आमच्या खिडकीशी उभे, हातात घड्याळ.

"काका, काय बघताय?"

"श्श. डोळे फिरतायत. ह्यांना स्वप्न पडतंय."

"कुणाचं?"

"ते मशिनशिवाय नाही कळत, वहिनी."

तिनं मला उठवून विचारलं. मी सांगितलं, काही आठवत नाही. हे मी आजतागायत सांगतो आहे आणि तिचा आजतागायत विश्वास नाही.

हाडांचं त्यांना फार वेड. खिडकीच्या कट्ट्यावर माना मांडून ठेवलेल्या. बोकडाची, मांजराची, घुशीची आणि काड्यापेटीत वटवाघळाची. नवीन माणूस आला की ते त्याला मोजायला लावायचे. प्रत्येक मानेत सात मणके. "जिराफाच्या मानेतही सातच. उंदराच्या मानेतही सातच. तुमच्या गोडाऊनच्या मॅनेजरच्या मानेतही सातच आहेत, दोन नंबर, घाबरू नका." मी पूर्ण्याच्या एका गोडाऊनमध्ये डिस्पॅचला आहे, आणि मॅनेजरपुढं उभं राहताना हे वाक्य मला खरंच उपयोगी पडलं आहे. एकदा तर मी साहेब ओरडत असताना त्यांच्या कॉलरकडं बघून मनात मोजत होतो, आणि पाचावर आलो तेव्हा त्यांनी विचारलं, "हसतोयस कशाला?"

जेवायला बोलावलं तर पंचाईत. बांगड्याचा काटा ते ताटाच्या कडेला शेपटीपासून डोक्यापर्यंत जसाच्या तसा रचायचे आणि मग आमच्या मुलीला म्हणायचे, "ह्याला फुंकर मार, पोहेल." मटणाचा तुकडा तोंडात घालण्याआधी मणक्याच्या भोकात बोट घालून सांगायचे, "हा कमरेचा चौथा." कोपऱ्यावरचा खाटीक त्यांना इतका मानायचा की गिऱ्हाइकाशी वाद झाला की त्यांना बोलवायचा. हाड बघून हे निकाल द्यायचे आणि दोन्ही पक्ष मुकाट्यानं घरी जायचे.

झोपेबद्दल मात्र ते बोलू लागले की बसून ऐकावं. एकदा मी विचारलं, स्वप्नात आपण पळतो, मारामारी करतो, मग अंथरुणात पाय का हलत नाहीत?

"तुमच्या गोडाऊनला गेट आहे?"

"आहे."

"वॉचमन आहे?"

"आहे."

"मेंदू म्हणजे ऑफिस. तिथून सारख्या ऑर्डरी सुटतात. पळ, मार, उडी घे. ऑर्डर पाठीच्या कण्यातून खाली येते, तिथून गाडी भरून हातापायाला जाते. खरं ना? आता स्वप्नात ऑफिस चालूच असतं. उलट जोरात चालू असतं. पण कण्याच्या गेटवर एक रसायन येऊन उभं राहतं. ते म्हणतं, आज एकही गाडी बाहेर जाणार नाही. ऑर्डरी येतायत, येऊ देत. गेट बंद. म्हणून तुम्ही वहिनींच्या शेजारी सुखरूप उठता."

"आणि ते रसायन आलंच नाही तर?"

मग त्यांनी मांजरीची गोष्ट सांगितली. साहेबांनी एका मांजरीच्या मेंदूत, त्या वॉचमनला बोलावणारी जी जागा असते, तिथंच बारीकसं बिघडवून ठेवलं होतं. मांजर गाढ झोपली की उठायची, डोळे आपल्या जगात, आणि नसलेल्या उंदरावर झडप घालायची. त्याला धरायची, झटकायची, पंजाखाली दाबायची.

"आणि तुम्ही?"

"मी खुणा करायचो. मग ती जागी झाली की दूध द्यायचो. नसलेला उंदीर खाऊन पोट भरत नाही."

असे आमचे मालक. आता त्या घोडीचं सांगतो, कारण त्यात माझी सासरची अब्रू गेली आणि काकांचंही काहीतरी गेलं.

माझ्या मेहुण्याचं लग्न होतं. सासर गणेशपुरीच्या अलीकडचं एक गाव. वरातीला घोडी हवी, आणि ती मी ठरवून देईन असं मी, कुणी विचारलेलं नसताना, भर बैठकीत जाहीर केलं. जावयाला सासरी कधीतरी उपयोगी पडल्यासारखं दाखवावं लागतं. आमच्या गोडाऊनच्या मागं पत्र्याच्या तबेल्यात बब्बनभाई नावाचा घोडेवाला होता. मूळ उत्तरेचा, पण इथंच वाढलेला. त्याची पांढरी घोडी, शबनम. इतकी शांत की माशीसुद्धा शेपटीनं हाकलायची नाही, फक्त तिच्याकडं बघायची. मला वाटलं, मेहुण्याला अशीच हवी. तोही माशा हाकलत नाही.

वरात निघाली. डीजे, आतषबाजी, मेहुणा फेट्यात. मारुतीच्या देवळापुढं आलो आणि शबनमनं मान खाली घातली, डोळे अर्धे मिटले आणि पुढचे दोन्ही गुडघे टेकले. मेहुणा तिच्या मानेला मिठी मारून कसाबसा राहिला. मग माझे सासरे हात जोडून म्हणाले, "देवाला दंडवत घातला हो मुक्या जनावरानं."

काय सांगू, बायकांनी घोडीच्या कपाळाला कुंकू लावलं, नारळ फुटला, सासूबाई माझ्याकडं बघून चक्क हसल्या. बारा वर्षांत पहिल्यांदा. "जावयानं घोरी बाकी बघून आणलीन हाय," कुणीतरी म्हातारं म्हणालं. मी नम्रपणे जमिनीकडं बघितलं.

दुसरा दंडवत तिनं देशी दारूच्या दुकानासमोर घातला.

ह्या वेळी जरा जोरात. मेहुणा मानेवरून घसरून पुढं गेला आणि फेट्यासकट रस्त्यावर बसला. डीजे थांबला. दुकानातले लोक पेले घेऊन बाहेर आले. सासऱ्यांनी विचारलं, "घोरी कुनी ठरवली होती?" आणि अख्खी वरात माझ्याकडं वळली.

एकच माणूस नवऱ्यामुलाकडं न जाता घोडीकडं धावला. आमचे मालक, आमच्याबरोबर पाहुणे म्हणून आलेले. त्यांनी धोतर सावरत खाली बसून तिचा पुढचा पाय उचलला. खुराच्या वर, सांध्यावर, जुन्या खरचटल्याच्या खुणा होत्या. एकीवर एक.

"बब्बन, ही किती वेळा पडते अशी?"

बब्बन आधी नाही म्हणाला, मग रडायलाच लागला. "चार महीने से, डॉक्टरसाब. डॉक्टर को दिखाया, सुई लगाई, कुछ नहीं. लोग बोलते हैं नजर लगी. अब भट्टीवाला मुकादम इतवार को आएगा, ले जाएगा. ईंट खींचेगी. और क्या करूँ, बारात में गिरनेवाली घोड़ी कौन लेगा?"

वीटभट्टीवर घोड्यांचं काय होतं ते भिवंडीत सगळ्यांना माहीत आहे. बारा वर्षं त्यानं ती घोडी स्वतःच्या हातानं वाढवली होती.

"तुझ्याकडं दोन होते ना?" काकांनी विचारलं.

"राजा था. पेट में दर्द हुआ, मर गया. चार महीने हुए."

काका उभे राहिले. "हिला काही झालेलं नाही. हिची झोप राहिलीय."

मग त्यांनी तिथंच, दारूच्या दुकानासमोर, अख्ख्या वरातीला समजावलं. घोडा उभ्यानं पेंगतो, त्याच्या पायात तशी कडी असते, आपोआप अडकते. पण स्वप्नाची झोप उभ्यानं मिळत नाही, कारण त्या झोपेत कण्याचं गेट बंद होतं आणि अंग सैल पडतं. त्यासाठी आडवं व्हावं लागतं. आणि रानातलं जनावर आडवं केव्हा होतं? दुसरं कुणीतरी उभं राहून राखण करत असेल तेव्हा. राजा राखायचा, ही झोपायची. राजा गेला. ही चार महिने आडवी झालेली नाही. म्हणून उभ्या उभ्या स्वप्न येतं, गेट बंद होतं, गुडघे जातात.

"मंग आता?" सासऱ्यांनी विचारलं.

"आता हिला पहारेकरी हवा. सात दिवसांत."

मेहुणा उरलेली वरात चालत गेला.

सोमवारी काका माझ्या बायकोच्या कपाटाचा आरसा काढून घेऊन गेले. विचारून नेला असं ते म्हणतात, बायको म्हणते विचारलं तेव्हा ती आंघोळीला गेली होती. आरसा तबेल्यात लावला. शबनमला तिकडं दुसरी घोडी दिसली, तिचे कान उभे राहिले, ती जवळ गेली, आरशाला नाक लावलं. काकांनी मला कोपरानं ढोसलं. पण दुपार गेली, संध्याकाळ झाली, दोघी उभ्याच. शेवटी काकांच्या लक्षात आलं. ही जरा वाकली की आरशातलीही वाकते. ही दचकून सरळ होते, तर तीही सरळ.

"पहारेकरीच हिच्याबरोबर झोपायला निघतो," ते वैतागून म्हणाले. "असली राखण काय कामाची."

मंगळवारी बकरी आणली. बकरी आल्या आल्या घोडीच्या वैरणीवर बसली आणि झोपली.

बुधवारी ते आमच्या दारात आले. "दोन नंबर, तुमची शिफ्ट किती वाजता सुटते?"

"दोनला."

"बरं झालं. रात्री तिथं ट्रक मागं घेताना भोंगे वाजतात, तेव्हा जमायचं नाही. तीन ते पाच आपण दोघं उभं राहायचं."

"कशाला?"

"घोडा म्हणून."

मी बायकोकडं बघितलं. वाचवेल असं वाटलं. ती म्हणाली, "घोडी तुम्हीच ठरवली होती ना? मग राहा उभे."

तीन ते पाच ही माझी झोपेची वेळ. नोकरी, संसार, सासर हे सगळं मी त्या दोन तासांच्या आधारावर सहन करतो. ते दोन तास मी आता पत्र्याखाली, शेणाच्या वासात, एका घोडीच्या शेजारी घोडा म्हणून उभा होतो. नुसतं उभं राहून चालत नव्हतं. काका शिकवायचे. "असं नाही, वॉचमनसारखं नाही. एक पाय ढिला सोडा. मान खाली. खांदे पडू देत. हं. आता झालात." मोहल्ल्यात कुणी मला विचारत आलं की बायको दारातूनच सांगायची, "ते नाहीत. त्यांची दुपारची घोड्याची ड्युटी आहे." दोन दिवसांत कुणाला त्यात नवल वाटेनासं झालं. एक नंबरमधल्या थोरल्या भावानं तर मला जिन्यात गाठून विचारलं, "वहाँ जगह है क्या और?"

काकांचं उभं राहणं माझ्यापेक्षा कितीतरी सरस होतं. ते हुबेहूब घोडा दिसायचे. फक्त हातात वही, आणि नजर शबनमवर. बुधवारी ती आडवी झाली नाही. गुरुवारी एकदा गुडघे वाकवले, तशी काकांची पेन्सिल वर झाली, आणि ती पुन्हा सरळ उभी.

शुक्रवारी काकांना ठाण्याला बँकेत जावं लागलं, हयातीचा दाखला द्यायला. पेन्शनवाल्यांना वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत असं समक्ष जाऊन सांगावं लागतं. मी एकटाच उभा राहिलो. एक पाय ढिला, मान खाली. काकांनी इतकं बारकाईनं शिकवलेलं की काय सांगावं, पाच मिनिटांत मला उभ्यानं डुलकी लागली.

मागं कसलातरी मोठा धप् आवाज झाला म्हणून मी जागा झालो. शबनम जमिनीवर होती. पूर्ण कुशीवर, चारही पाय पसरून, मान मातीत टाकून. मला वाटलं, गेली. मग तिची नाकपुडी फुलली. मी तसाच पुतळा होऊन राहिलो. नाकाला खाज सुटली होती, ती मी पंचवीस मिनिटं सहन केली. माझ्या आयुष्यात मी केलेला हाच एक त्याग.

संध्याकाळी काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी मला मिठी मारली. किती वेळ, कुठल्या कुशीवर, डोळे फिरले का, ओठ हलले का. मला काहीच नीट सांगता येईना. "उद्या मी बघतो," ते म्हणाले आणि लहान मुलासारखे हात चोळत जिना चढून गेले.

शनिवारी ते नवी पेन्सिल घेऊन आले. तीन ते पाच. शबनम उभी. तिचे डोळे मिटायला यायचे, एक पाय लुळा व्हायचा, मग ती काकांकडं बघायची आणि सावध व्हायची. सव्वापाच झाले. उद्या मुकादम येणार होता. बब्बन बाहेर बादलीवर बसून नुसता विड्या ओढत होता.

मला बोलणं भाग होतं. "काका, एक सांगू? काल मी बघत नव्हतो तिच्याकडं. झोपलो होतो."

"उभ्यानं?"

"तुम्हीच शिकवलंत."

त्यांनी वही मिटली. मग घोडीजवळ गेले आणि तिच्या डोळ्याशेजारी बोट धरलं. "हिचे डोळे कुठं आहेत?"

"बाजूला."

"माझे?"

"समोर."

"समोर डोळे असलेलं जनावर दुसऱ्याकडं एकटक बघतं ते एकाच कारणासाठी."

"कुठल्या?"

"जेवणाच्या." ते आतल्या पाण्याच्या पिंपाला टेकले. "मी वर्गात शिकलेला नाही, पण हे मला माहीत होतं. कवट्या मी स्वतः घासून कपाटात लावल्यात. बोक्याची समोर बघणारी इकडं, सशाची बाजूला बघणारी तिकडं."

मग जरा थांबून म्हणाले, "उंदराचेही बाजूलाच असतात."

त्यांनी हातातली पेन्सिल पिंपावर ठेवली.

"फुटभरावर बसायचो मी. तेहतीस वर्षं. त्यांची झोप तुटक यायची. जरा लागली की मोडायची. साहेबांनी लिहिलं, उंदराची झोप तुटक असते."

"असेलच हो ती तुटक. उंदीर आहे तो, बिळात काय गाढ झोपणार?"

"असेलही," काका म्हणाले. "पण आता मला ते कळायचा मार्ग नाही."

मला धीर देता येत नाही. मी म्हटलं, चहा घेऊ या. त्यांनी नको म्हटलं. मोहल्ल्यापर्यंत ते माझ्या दोन पावलं मागून चालत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात त्यांनी माझी झोप विचारली नाही. मी आपणहून सांगायला लागलो तर म्हणाले, "राहू दे. झाली ना? झालं."

रविवारी तीनला आम्ही तिघं तबेल्यात शिरलो. बब्बनला आत यायचंच होतं, घोडी जाणार असेल तर शेवटचे दोन तास तिच्यापाशी काढायचे म्हणून. काकांच्या हातात आज वही नव्हती. त्यांनी आम्हाला पत्र्याकडं तोंड करून ओळीनं उभं केलं, घोडीकडं पाठ. स्वतः मध्ये उभे राहिले.

"डॉक्टरसाब, उसको देखेंगे नहीं तो पता कैसे चलेगा?"

"नहीं चलेगा. एक पाय ढिला सोड."

शाळेत शिक्षा झाल्यासारखे तीन बाप्ये. पत्रा तापलेला. माझ्या नाकासमोर एक खिळा होता, तो मला पाठ झाला. चार वाजायला आले तेव्हा मागं वैरण सळसळली. खुरांचा आवाज झाला, थांबला. एक मोठा उसासा. आणि जमीन जराशी हादरली.

बब्बनच्या तोंडून हुंदका आला. काकांनी न बघता त्याच्या मनगटाला धरलं.

तेवढ्यात दारात चपला वाजल्या. भट्टीचा मुकादम. आमची पाठ दारालाही होती, त्यामुळं त्याला काय दिसलं असेल ते मी फक्त कल्पना करू शकतो. जमिनीवर पसरलेली घोडी आणि भिंतीला तोंड लावून उभी असलेली तीन शोकाकुल माणसं.

"मेली काय रं?" तो हळहळून म्हणाला.

"झोपलीय," काका पत्र्याला म्हणाले. "हळू बोला. तिथंच थांबा. पापणी बघा तिची. आत काही हलतंय?"

मुकादम गोंधळला असावा. पण काकांच्या आवाजात असं काही होतं की माणूस आधी उत्तर द्यायचा आणि मग विचार करायचा. "हालते," तो कुजबुजला.

"पाय?"

"पुढचा हालला. आता मागचा. आता दोन्ही." थोडं थांबून तो म्हणाला, "पळते वाटतं कुठंतरी."

"देनी नहीं है मुकादम," बब्बन भिंतीकडं तोंड ठेवूनच म्हणाला. "घोड़ी नहीं देनी."

"आरं मंग मला बोलावलास कशाला येवढ्या उन्हाचा?"

"इकडं या," काका म्हणाले. "इकडून, तिच्या डोक्याकडून नको. असे उभे राहा. तोंड तिकडं."

"मी?"

"बघू नका आता तिच्याकडं."

भिवंडीत तीन माणसं ओळीत दिसली की चौथा कशाची ओळ ते विचारत नाही. मुकादम माझ्या शेजारी येऊन पत्र्याकडं तोंड करून उभा राहिला. थोड्या वेळानं त्यानं माझ्याकडं तिरकं बघून घेतलं आणि आपलाही एक पाय ढिला सोडला.

मागं शबनम झोपेत बारीक आवाजात खिंकाळली. कुणालातरी हाक मारावी तशी. तसा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. काकांची मान अर्धी वळली. मी बाजूलाच होतो, मला दिसलं. हनुवटी खांद्याशी आली होती, कानाजवळची शीर टरटरून वर आली होती, आणि एवढंसं, अगदी बोटभर आणखी वळलं असतं तर दिसणार होतं.

मग ती मान हळूहळू परत पत्र्याकडं गेली. त्यांनी मुकादमाला पुढचं काही विचारलं नाही. आम्ही चौघंही पाच वाजून गेले तरी तसेच उभे होतो, आणि मागं ती कुठं पळत होती ते कुणी वळून बघितलं नाही.